गोठविलेला गर आणि आमची ‘थंड व कोरडी जागा’

गेल्या आश्विनातील गोष्ट. नेकनूरकडील एक वयस्क शेतकरी अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी आमच्या चिकित्सालयात आले होते. नाडी, जिव्हा पाहून झाल्यावर औषध दिले आणि नेहमीच्या सवयीने पथ्य सांगितले. अन्न ताजे व उष्ण घ्यावे, रात्रीची भाजी सकाळी खाऊ नये, फ्रीजमधील पदार्थ तर मुळीच नकोत. गृहस्थ ऐकून घेऊन हसले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या गटानं औंदा सीताफळाचा गर काढून गोठवायला दिलाय. तो म्हणे बोटीनं दुबईला जाणार, अन् तिथली माणसं वर्षभर खाणार. तुम्ही आम्हाला रात्रीचं कालवण खाऊ देईनात. मग आम्ही लोकांला वर्षाचं शिळं खाऊ घालायचं का?”

त्या वेळी आम्ही ‘ते वेगळे, हे वेगळे’ असे मोघम उत्तर दिले. बाहेर रुग्ण ताटकळत होते. परंतु ते उत्तर आमच्याच मनास पटले नाही. काय वेगळे, कशाने वेगळे, हे आम्हांस सांगता आले नव्हते. आणि आमच्या पंथातील बहुतेकांना ते सांगता येईल असे वाटत नाही. परिसंवादांतून आपण ‘गोठविलेले अन्न म्हणजे मृत अन्न’ असे एक वाक्य टाकून टाळ्या घेतो आणि पुढे जातो. त्या गृहस्थांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे मांडण्याचा प्रयत्न आहे. ते देताना विषय आपल्या औषधशाळांच्या दारापर्यंत येऊन पोहोचला, त्यास आमचा इलाज नाही.

मांजरसुंबा हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर, पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता जेथे त्यास छेदतो त्या चौकावर वसलेले आहे. भोवती बालाघाटाच्या डोंगररांगा. या खडकाळ, मुरमाड उतारांवर सीताफळ आपसूक वाढते. त्यास ना पाणी द्यावे लागते ना फवारणी, आणि जनावरेही त्याच्या पाल्यास तोंड लावत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास घाटाच्या कडेला पाट्या लागतात. बहुधा बायका पहाटे डोंगर चढून फळे उतरवितात आणि ऊन तापण्यापूर्वी रस्त्यावर येऊन बसतात. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि तेथून ‘धारूर-६’ ही जात प्रसृत झाली आहे. कौतुकाच्या अशा गोष्टी पुष्कळ सांगता येतील. परंतु पाटीतले फळ सकाळी ज्या भावाने विकले जाते त्याच्या निम्म्यानेही संध्याकाळी विकले जात नाही, ही त्या कौतुकाची दुसरी बाजू होय. ज्या घरांतून या पाट्या येतात त्यांतील कित्येक घरे याच सुमारास ऊसतोडीच्या गाड्यांवर चढण्याच्या तयारीत असतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन निघण्यापूर्वी हातात पडणारा हाच काय तो रोकडा.

या फळाचा स्वभावच आडमुठा आहे. झाडावर डोळे उघडलेले, कडांना पिवळसर झालेले फळ उतरविले की दोन ते चार दिवसांत ते पिकते आणि पिकल्यावर जेमतेम दिवसभर धरते. मग थंडीत ठेवावे म्हटले, तर साधारण १२ अंशांच्या खाली त्यास थंडी बाधते. साल काळवंडते, आतील गर दगडासारखा राहतो आणि बाहेर काढल्यावर ते फळ पिकतच नाही. म्हणजे द्राक्षासारखे शून्य अंशाजवळ ठेवून महिनाभराच्या प्रवासास पाठविण्याची सोय नाही. बरे, आंब्याच्या रसासारखा गर उकळून डब्यात भरावा, तर अग्नी लागताच सीताफळाचा गर कडू होतो. ज्या गृहिणींनी सीताफळाची बासुंदी केली आहे त्यांना हे चांगले ठाऊक असते. दूध आटवून निवविल्याशिवाय त्या गर घालीत नाहीत. वाळवावा तर काळा पडतो. अग्नी चालत नाही, वायू चालत नाही, मध्यम शीतही चालत नाही. उरतो तो एकच मार्ग: बी व साल काढून, गर काळा पडण्यापूर्वी त्वरेने गोठविणे आणि उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवणे.

येथे एक विषयांतर करतो. आपण ज्यास रामायणाशी जोडून सीतेचे फळ म्हणतो ते बृहत्त्रयीत कोठेही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मताप्रमाणे त्याचे मूळ अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशात आहे आणि पोर्तुगीज काळातील जहाजांतून ते इकडे आले असावे. समुद्र ओलांडून आलेले फळ बालाघाटाने आपलेसे केले. आता त्याचाच गर पुन्हा समुद्र ओलांडून निघाला, तर त्यात धर्मबाह्य असे काही आम्हांस दिसत नाही.

आता हा प्रवास कसा होतो ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते की जहाजावरील थंड पेटी म्हणजे मोठा फ्रीज. त्यात माल टाकला की तो गार होतो. वस्तुस्थिती उलट आहे. रीफर कंटेनर माल थंड करण्यासाठी बनविलेलाच नसतो, थंड केलेला माल तसाच राखण्यासाठी तो असतो. गर आधी कारखान्यात उणे ३५ ते ४० अंशांच्या झोतात गोठवावा लागतो. मग तो थंडच असलेल्या धक्क्यावरून कंटेनरमध्ये रचावयाचा. कंटेनरच्या तळाशी पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात. थंड हवा खालून त्या पट्ट्यांतून येते, मालाभोवती फिरून छतालगत परत यंत्राकडे जाते. छताजवळ आखलेल्या लाल रेषेच्या वर एक खोकेही रचले तर हवेची वाट कोंडते. रस्त्यावर ट्रेलर धावत असताना वीज पुरविण्यास जेनसेट हवा, बंदरात विजेचे खटके हवेत, जहाजावर पुन्हा वीज हवी. या सर्व काळात आतील हवेचे तापमान यंत्र आपोआप नोंदवीत असते, आणि त्याखेरीज मालामध्ये एक छोटा नोंदक स्वतंत्रपणे ठेवलेला असतो. न्हावा-शेव्याहून निघालेला कंटेनर आखाती देशांत आठवड्याच्या आत पोहोचतो. रॉटरडॅमला सुएझमार्गे तीन ते चार आठवडे लागतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून न्यावी लागली आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. गोठविलेल्या गरास पंधरा दिवसांचे काही वाटत नाही. ताज्या द्राक्षाच्या देठास मात्र फार वाटते.

या व्यवसायातील एक गोष्ट वैद्याने टिपून ठेवावी अशी आहे. द्राक्ष शून्य अंशाजवळ नेतात. डाळिंबास पाच अंशांच्या आसपास लागते. करमाळा-टेंभुर्णीकडील केळी १३-१४ अंशांवर आखातात जाते. तीच द्राक्षाच्या कंटेनरमध्ये घातली तर काळी पडेल. ताज्या फळास श्वास घ्यावयास कंटेनरची झडप थोडी उघडी ठेवतात, गोठविलेल्या मालास ती घट्ट मिटतात. ‘थंड’ हा एकच गुण सर्वांना सारखा लागू न करता प्रत्येक द्रव्याची प्रकृती पाहून त्याचे शीत ठरविणारे हे लोक आहेत. यांनी चरकसंहिता वाचलेली नाही. परंतु विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली आहेत, त्यांतील प्रकृती, करण, देश आणि काल यांचा विचार ते रोज करीत असतात.

याच ठिकाणी आमच्या शेतकरी रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. पर्युषित म्हणजे नुसते जुने नव्हे. रात्रभर तसेच पडून राहिल्याने ज्याचा रस, गंध, स्पर्श पालटला ते पर्युषित. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराची जी लक्षणे आली आहेत त्यांतही पर्युषिताशेजारी रस गेलेले आणि दुर्गंधी आलेले यांचा उल्लेख आहे. म्हणजे निकष घड्याळाचा नसून विकृतीचा आहे. नाहीतर जुने तूप, जुना मध, वर्षभराचे जुने धान्य यांचे गुण आपल्या आचार्यांनी गायिले नसते. चरकाने करण म्हणजे संस्कार सांगताना जल, अग्निसंनिकर्ष, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना यांच्या जोडीस कालप्रकर्ष आणि भाजन हीही सांगितली आहेत. दीर्घ काळ आणि पात्र! महिनाभर चालणारे जहाज आणि त्यावरील बंद पेटी यांचे याहून नेमके वर्णन संहितेत शोधावयास नको. शीताचा संस्कार तेथे नावाने आलेला नाही हे खरे. पण ‘आदि’ शब्द घालून आचार्यांनी दार उघडे ठेवले आहे.

अर्थात संस्कार म्हटला की गुणांतर आले. गोठविलेला गर हा ताज्या फळाशी तंतोतंत सम आहे असे आम्ही म्हणणार नाही. गोठताना पेशींतील जलाचे स्फटिक होतात. सावकाश गोठविले तर मोठे, त्वरेने गोठविले तर सूक्ष्म. मोठ्या स्फटिकांनी पेशींची आवरणे फाटतात आणि वितळल्यावर गर पाणी सोडतो. मुळात सीताफळ मधुर, शीत, गुरू आणि कफवर्धक; त्यात शीताचा संस्कार; आणि बहुतेक माल जातो तो आइस्क्रीम व रबडी करणाऱ्यांकडे. कफप्रकृतीच्या, मंदाग्नीच्या, प्रतिश्यायाने बेजार असलेल्या रुग्णास आम्ही ते वर्ज्यच सांगू, मग ते फळ सकाळी डोंगरावरून उतरविलेले का असेना. दुधाशी विरोधाचा मुद्दा काही मित्र काढतात. संहितेत दुधाशी विरोध सांगताना भर आहे तो अम्ल फळांवर. पक्व सीताफळ अम्ल नव्हे. त्यास सरसकट विरुद्धाहारात ढकलणे आम्हांस घाईचे वाटते. आमचा आक्षेप असलाच तर नित्य सेवनास आहे. वाळलेले मांस आणि वाळलेल्या भाज्या यांचा नित्य अभ्यास करू नये असे चरकाने सूत्रस्थानात बजावले आहे. त्याच न्यायाने जे घर बाराही महिने शीतपेटीतून काढूनच जेवते त्या घरास सावध करणे आपले काम आहे. परंतु न्यूजर्सीत वीस वर्षे राहिलेली बीडची लेक मार्गशीर्षात पाव किलो गर वितळवून चार माणसांत वाटून खाते, तेव्हा तिला तामस आहाराची भीती घालणे म्हणजे शास्त्राची थट्टा होय. तिला सांगावयाचे ते इतकेच: रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळवावा, वितळलेला पुन्हा गोठवू नये, खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर ठेवून त्याची बोचरी थंडी जाऊ द्यावी, आणि भरल्या पोटी नको. हे सांगणारा वैद्य तिला भेटत नाही. ‘फ्रीजमधले खाऊ नका’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

थंड पदार्थांविषयीचा आपला संशय जुना आहे. अमेरिकेतील बॉस्टनहून बर्फाच्या लाद्या जहाजात भरून १८३३ साली कलकत्त्यास आणि पुढील वर्षी मुंबईस आणल्या गेल्या. भुशात गुंडाळलेला तो बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून येत असे. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांसकट त्यांना पडसे झाले, अशी बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रात आल्याचे सांगतात. ती वाचून तत्कालीन वैद्यांना केवढे समाधान झाले असेल! त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, ‘डुनेडिन’ नावाच्या शिडाच्या जहाजाने न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार मेंढ्यांचे गोठविलेले मांस ९८ दिवसांत लंडनला सुखरूप नेले आणि त्या देशाचे भाग्य पालटले. एका दूरच्या, डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यास जगाच्या दुसऱ्या टोकाचे गिऱ्हाईक मिळाले ते या शीतामुळेच. बालाघाटाची तुलना न्यूझीलंडशी करणे धाडसाचे आहे, आम्ही ती करीत नाही. एका कंटेनरमध्ये २० टन गर पाठवावयाचा म्हटला तरी डोंगरी सीताफळात गर एक तृतीयांश ते दोन पंचमांश इतकाच निघतो, म्हणजे ५० ते ६० टन फळ थोड्या दिवसांत गोळा करून, पिकवून, हाताने बी काढावे लागेल. एका शेतकऱ्याचे हे काम नव्हे. गट लागतो, भांडवल लागते आणि रात्री न जाणारी वीज लागते. या शेवटच्या गोष्टीविषयी वाचकांनी आपापल्या गावचा अनुभव आठवावा.

साखळी कोठे तुटते याचा एक प्रकार आमच्या परिचयाच्या एका उत्पादक गटाच्या वाट्यास आला. काही वर्षांपूर्वी त्यांचा गोठविलेला गर बंदराकडे निघाला. माल परदेशी पोहोचला तेव्हा वरच्या थरातील पिशव्यांत गराच्या अंगाबाहेर बर्फाचा पापुद्रा दिसला, म्हणजे माल मध्येच वितळून पुन्हा गोठला होता. प्रथम सगळ्यांनी सगळ्यांवर ढकलले. मग नोंदक उघडला. रात्री दोनपासून सकाळी सातपर्यंत तापमान चढत गेल्याची रेघ त्यात स्वच्छ उमटली होती. ट्रेलर घाटाखाली एका ढाब्यावर उभा असताना चालकाने डिझेल वाचविण्यासाठी जेनसेट बंद ठेवला होता. माल कमी भावात गेला, पैसे बुडाले. पण कोणाचा दोष, किती तासांचा, हे निर्विवाद ठरले. गटातील एका तरुणाने आम्हांस तो कागद दाखविला. आमच्या मनात त्या वेळी जे आले ते लिहावयास संकोच वाटतो, तरी लिहितो: आमच्या औषधशाळेतील एखादा घृतकल्प याच रीतीने बिघडला असता, तर ते आम्हांस कधी कळले असते काय?

आपल्या प्रत्येक बाटलीवर, डबीवर आपण छापतो: ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’. हे वाक्य छापताना थंड म्हणजे किती, हा प्रश्न आपणांस पडत नाही. भारतीय औषधिसंहितेत त्याचे उत्तर आहे. ‘थंड’ म्हणजे ८ ते २५ अंश. बीडमध्ये वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखालील गोदामात तो किती असेल याचा अंदाज करावा. आपल्या च्यवनप्राशाचे डबे, महानारायण तेलाच्या बाटल्या आणि फलघृत त्याच वैशाखात बंद टेम्पोतून, दुपारच्या वेळी, सिमेंटच्या गोण्यांशेजारी बसून गावोगाव जातात. तूप सुटते, पुन्हा थिजते. अवलेहास कड येते, कधी साखर खाली बसते. चूर्ण पावसाळ्यात गुठळ्या धरते. दुकानदार डबी हलवून पुढे करतो. शार्ङ्गधराने चूर्णास दोन महिने, घृततैलांस चार महिने आणि गुटी व लेहांस वर्ष अशी सवीर्यतेची मर्यादा सांगितली. आज औषधे व प्रसाधने नियमांतील १६१-ब प्रमाणे आपण त्याहून कितीतरी दीर्घ मुदत डबीवर छापू शकतो. बंद भाजन सुधारले, ओलावा रोखणारी वेष्टने आली, म्हणून मुदत वाढली हे मान्य. परंतु ती मुदत ‘थंड व कोरडी जागा’ गृहीत धरून दिलेली आहे आणि ती जागा आपल्यापैकी बहुतेकांकडे अस्तित्वातच नाही.

सीताफळाच्या गराची प्रत्येक तासाची नोंद रॉटरडॅमपर्यंत जाते. आणि ज्यावर रुग्णाचा विश्वास असतो त्या औषधाची मांजरसुंब्याहून केजपर्यंतचीही नोंद नाही.

औषधनिर्माते बंधू यावर म्हणतील की एवढा खर्च परवडणार कसा? सगळी औषधे शीतपेटीत घाला असे आम्ही म्हणत नाही. आसवारिष्टांस आणि भस्मांस त्याची गरजही नाही, ती जुनी होऊन गुणवत्तरच होतात. म्हणणे इतकेच की द्रव्यपरत्वे शीत ठरवावे, जसे ते केळीचे व द्राक्षाचे ठरवितात. घृत, तैल, लेह यांसाठी गोदामाची उत्तरेकडील एक खोली, छतास चुन्याचा पांढरा थर, वाहतूक उन्हाळ्यात रात्री, आणि भिंतीवर एक तापमापक व त्याशेजारी टांगलेली वही. यात परवडू नये असे काय आहे?

नोंदीचे महत्त्व द्राक्ष बागायतदार एका फटक्यात शिकले. २०१० च्या हंगामात नाशिककडील द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश आढळले म्हणून युरोपात कंटेनरच्या कंटेनर अडले. त्या आधी २००६ पासून ‘अपेडा’ची ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था चालू होती, पण हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. लोक कर्जबाजारी झाले. पुढच्या हंगामांत ते यादीत आले, बागेच्या क्रमांकापासून प्रयोगशाळेच्या दाखल्यापर्यंत कागद जुळू लागला आणि द्राक्षे पुन्हा गेली. आता आपले पाहा. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळले होते. शासनाने २००५ मध्ये आदेश काढून निर्यातीच्या औषधांस जड धातूंची तपासणी सक्तीची केली. आणि आपण? आपण अग्रलेख लिहिले. कटाचा वास घेतला. शोधनयुक्त भस्म व अशुद्ध धातू यांतील भेद त्यांना कळत नाही असे म्हटले, आणि ते काही अंशी खरेही होते; पण आमच्या या खलातून निघालेल्या या गटाचे शोधन अमुक दिवशी अमुक इतक्या वेळा झाले, असे दाखविणारी वही त्या वेळी किती जणांपाशी होती? बागायतदार अपमान गिळून कागद घेऊन उभा राहिला. आपण शास्त्र घेऊन उभे राहिलो आणि कागद घरी विसरलो.

आता ज्या सूचनेसाठी हे सर्व लिहिले ती मांडतो. शार्ङ्गधराने आर्द्र द्रव्य द्विगुण घ्यावे असे सांगून त्यास काही अपवाद केले आहेत: गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारिणी. ही द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत आणि दुप्पट करू नयेत असे त्यांचे सांगणे. आता आपापल्या औषधशाळेत डोकावून पाहावे. वाळलेली गुळवेल पोत्याने येते, कधीची तोडलेली ते पोत्यासच ठाऊक. वासापत्रे वाळून पाचोळा झालेली असतात. कोहळा तेवढा ताजा मिळतो, कारण तो मंडईत असतो. मांजरसुंब्यात आम्हांस निंबावरची गुळवेल सकाळी कापून दुपारी काढ्यास लावता येते. पुण्या-मुंबईच्या निर्मात्यास ते शक्य नाही आणि त्यास दोष देण्यात अर्थ नाही. मग ज्या शीतगृहांतून सीताफळाचा गर वर्षभर राहतो, तेथे कापल्या दिवशी त्वरेने गोठविलेली गुळवेल, अडुळसा, शतावरी का राहू नये? हंगामातील आवळा गोठवून ठेवला तर ज्येष्ठात च्यवनप्राश करणाऱ्यास वाळलेल्या आवळकंठीवर विसंबावे लागणार नाही.

हे चालेलच असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. वासापत्राचा स्वरस सहज निघत नाही म्हणून पुटपाकाची योजना आहे. गोठविल्याने पेशी फुटत असल्याने तो कदाचित सुलभ निघेल, आणि त्याच कारणाने वितळताच तो विवर्णही होईल. रस, गंध, वीर्य यांत काय पालटते ते केल्याशिवाय कळणार नाही. करून पाहणे अवघड नाही. एकाच वेलीवरची गुळवेल एकाच दिवशी कापून तिचे तीन भाग करावेत: एक तत्काळ काढ्यास, एक सावलीत वाळवून, एक गोठवून. सहा महिन्यांनी तिन्हींचा जलविद्राव्य अंश मोजावा, रस व गंध अनुभवी वैद्यांकडून, भाग कोणता ते न सांगता, तपासून घ्यावा. आयुर्वेदीय औषधिसंहितेतील साध्या कसोट्या यास पुरेशा आहेत. आपल्या संघटनेच्या तीन-चार जिल्हा शाखांनी हे एकाच वर्षी केले तर त्यांचे आकडे याच त्रैमासिकात छापता येतील, मग ते आमच्या मताच्या विरुद्ध गेले तरी हरकत नाही. गुळवेल पुरविण्याचे काम आम्ही पत्करतो.

ते शेतकरी गृहस्थ मध्यंतरी पुन्हा आले होते. अम्लपित्त पुष्कळसे कमी होते. त्यांना आम्ही सांगितले की गर पाठवा, बिनघोर पाठवा. मात्र वाटेत गाडी उभी राहील तेव्हा यंत्र चालू आहे ना, ते स्वतः पाहा. त्यांचे लक्ष आमच्या मागे भिंतीवर टांगलेल्या नव्या तापमापकाकडे गेले. “हे कशाला, डॉक्टरसाहेब?” औषधांसाठी, असे म्हटल्यावर त्यांनी उठून तो जवळून पाहिला. दुपारचे तीन वाजले होते आणि पारा ३७ वर होता. “मग तुमची बी गाडी उभीच हाय म्हणायची,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही घृतकल्प आणि लेह आतल्या खोलीत हलविले. तेथे सध्या ३१ असतात. अजून सहा अंश उतरावयाचे आहेत.